आधी रस, मग साडेपाचचा प्रयोग

पत्र : ‘सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत. सासरे होते तेव्हा दोघं महिन्यातून दोनदा तरी बालगंधर्वला नाटकाला जायचे. ते जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून आईंनी नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही. मे महिन्यात त्यांचा वाढदिवस रविवारी येतो आहे. सकाळी आमरस-पुरीचं जेवण, मग साडेबाराचं नाटक आणि घरी आल्यावर पन्हं असा बेत आहे, त्यांना न सांगता. पण भीती वाटते. गेल्या वर्षी पाच डझनांची पेटी आणली, आठ दिवसांनी उघडली तर निम्मे आंबे सडलेले. उरलेल्यांचा रस आईंच्या जुन्या पितळी पातेल्यात काढला, तो जेवायच्या वेळेपर्यंत काळपट पडला. पन्हं कडू झालं. आईंचा उजवा गुडघा दुखतो, ऐकू कमी येतं (कानाला यंत्र आहे) आणि साखर थोडी वाढलेली असते. आम्ही घरात पाच माणसं. आणखी एक, त्यांना पूर्वी नाटकाला जाताना गजरा लागायचा. आता आणावा का?’
– एक सून, कोथरूड

बेत चांगला आहे, फक्त वेळा उलट्या लावल्यात. साडेबाराच्या प्रयोगाला जायचं तर घरातून पावणेबाराला निघावं लागेल, म्हणजे पुऱ्या साडेदहाला तळायला हव्यात. आमरस-पुरी खाऊन वातानुकूलित अंधारात बसलेलं माणूस पहिल्या अंकाच्या मध्यावर डुलकी घेतं; त्यात नाटकाचा दोष नसतो आणि माणसाचाही नसतो. सुटताना परत तीनचं ऊन. पुण्यात रविवारी बहुतेक साडेबारा, साडेपाच आणि साडेनऊ असे प्रयोग असतात, त्यातला साडेपाचचा घ्या. साडेबाराला जेवण, साडेतीनपर्यंत झोप, चार वाजता पन्हं, साडेचारला निघायचं. नाटक आठच्या आसपास सुटेल आणि रात्री मऊ वरणभात पुरेल. तिकीट काढण्याआधी जाहिरात नीट वाचा. मे महिन्यात सुट्टीची बालनाट्यं लागतात, नेहमीच्या वेळा इकडच्या तिकडे होतात.

आणि न सांगता नेऊ नका. ज्या दाराने तीस-चाळीस वर्षं दोघं मिळून आत गेली, त्या दाराशी अचानक एकटीला उभं करण्यात गंमत नाही. आठ-दहा दिवस आधी पेपरातलं नाटकांचं पान त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, ‘आई, यातलं कुठलं बघावंसं वाटतं?’ त्यांनी पान बाजूला सारलं तर त्या रविवारी फक्त आमरस करा. बोट ठेवलं तर त्यांनी बोट ठेवलेलंच नाटक काढा, तुम्हाला ते कितीही जुनाट वाटलं तरी. बालगंधर्व रंगमंदिर १९६८च्या जूनमध्ये उघडलं, तेव्हा त्या अठरा-वीस वर्षांच्या असतील. तिथे काय बघायचं हे त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त कळतं.

आता आंबा. गेल्या वर्षी चूक आंब्यांची कमी आणि पेटीची जास्त होती. कच्चे आंबे बंद पेटीत आठ दिवस ठेवले की आत ऊब आणि दमटपणा साठतो. पिकणारा आंबा इथिलीन नावाचा वायू सोडतो, त्याने शेजारचे भराभर पिकतात. त्यातल्या एकाचा देठ कुजला की बुरशी पेटीभर फिरते. म्हणून पेटी घरी आली की त्याच दिवशी उघडायची. घेतानाच विक्रेत्याला विचारा, ‘कच्ची, निमतयार की तयार?’ कच्च्या फळाला आढीत आठ ते बारा दिवस लागतात, निमतयारला चार-सहा, तयार तर दोन-तीन दिवसांतच खायला येतं.

पाच माणसांच्या एका जेवणासाठी पाच डझन लागतही नाहीत. दोन डझन निमतयार हापूस आदल्या रविवारी किंवा सोमवारी आणा, आणि एक डझन पायरी बुधवारी-गुरुवारी. पायरी पिकली की फार थांबत नाही, म्हणून ती नंतर. फळ निवडताना देठाकडे बघा. देठाभोवतीचे खांदे वर आलेले आणि देठ खळग्यात बसलेला असेल तर फळ झाडावर भरलेलं आहे, ते नीट पिकेल. खांदे उतरते असतील तर कोवळं उतरवलेलं. ते पिवळं होईल पण गोड होणार नाही. सगळे आंबे एकसारखे पिवळेधमक आणि नाकाशी धरल्यावर वास काहीच नाही, असं असेल तर ती पेटी सोडा. कार्बाइडवर पिकवायला बंदी आहे, तरी बाजारात नजर ठेवावीच लागते. पेटीवरच्या गावाच्या नावावर फार जाऊ नका. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरीही देवगड-रत्नागिरीच्या नावाने कर्नाटकातलं फळ भरलेल्या पेट्या मिळतातच. कर्नाटकी फळाची साल जरा जाड, वास कमी आणि गर केशरीपेक्षा पिवळ्याकडे झुकणारा. खायला ते वाईट नसतं, पण हापूसच्या भावाने का घ्यायचं?

आढी घरातल्या वाऱ्याच्या पण ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात घाला. खाली गोणपाट किंवा वर्तमानपत्र, त्यावर दोन-तीन इंच भाताचा कोरडा पेंढा, त्यावर एकमेकांना न चिकटणारे आंबे, वर पुन्हा पेंढा. दोनपेक्षा जास्त थर नकोत. पेंढा मिळाला नाही तर वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या पट्ट्या चालतात. आढीत घालण्याआधी आंबे धुऊ नका. ओलाव्याने देठ कुजतो. एक दिवसाआड सगळे वरखाली करून बघा आणि काळा डाग धरलेला आंबा लगेच बाहेर काढा, ‘अजून एक दिवस राहू दे’ म्हणून ठेवू नका. पिकलाय का हे अंगठ्याने दाबून बघायची सवय घरातल्या पुरुषांना असते, ती मोडा. जिथे अंगठा रुततो तिथे दुसऱ्या दिवशी काळं होतं. आंबा तळव्यात धरायचा, हलका दाब द्यायचा आणि देठाशी नाक न्यायचं. शनिवारच्या आधीच सगळे तयार झाले तर पिकलेले फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा, चार-पाच दिवस राहतील. कच्चा आंबा मात्र फ्रिजमध्ये कधीही ठेवायचा नाही. थंडीने त्याचं पिकणं थांबतं, साल तपकिरी पडते, आणि बाहेर काढल्यावरही तो चवीला येत नाही. उलट आंबे मागे पडत असतील तर आढीत एक पिकलेला आंबा किंवा दोन पिकली केळी ठेवा.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही : साका. वरून सोन्यासारखा दिसणारा हापूस कापला की आत पांढुरका, स्पंजासारखा आंबूस भाग निघतो. तो बाहेरून ओळखता येत नाही आणि विक्रेत्यालाही दिसत नाही. म्हणून हिशेबापेक्षा तीन-चार आंबे जास्त धरा आणि रसाचा प्रत्येक हापूस आधी कापून बघा. एका साक्याच्या आंब्याने पातेलंभर रसाला आंबूस वास लागतो.

रसाला आठ हापूस आणि चार पायरी घ्या. नुसत्या हापूसचा रस दाट आणि गोड, पण एकसुरी होतो. पायरीच्या पातळ, किंचित आंबटसर रसाने त्याला धार येते. मध्यम आंबा साधारण पाव किलोचा धरला तर बारा आंब्यांतून साल-कोय वजा जाता दीड किलोच्या आसपास रस निघतो, म्हणजे माणशी दोन वाट्या सहज. आंबे तासभर गार पाण्यात बुडवून ठेवा. मग देठाचं टोक चाकूने उडवून तिथला चीक दोन थेंब गळू द्या आणि फळ पुन्हा धुवा. ‘आंबा खाल्ला की घसा खवखवतो’ ही तक्रार बऱ्याचदा या चिकाची असते. पायरी तळव्यांत हलकेच घोळून मऊ करा आणि पिळा. हापूस कापून बघितलेलाच आहे, त्याचा गर चमच्याने काढा. सगळं पुरणयंत्रातून किंवा मोठ्या भोकांच्या चाळणीतून हाताने फिरवा. मिक्सर काढू नका. मिक्सरमध्ये रसात हवा जाते, तो फेसाळतो, रंग फिका पडतो, आणि पायरीच्या शिरा बारीक तुटून रसातच राहतात. बाठी तीन-चार चमचे दुधात चोळून ते दूध रसात घाला. रस रात्रीपर्यंत ठेवायचा असेल तर दुधाऐवजी पाणी. पाव चमचा मीठ, पाव चमचा सुंठपूड. साखर नाही. पिकलेल्या आंब्याच्या रसात साखर घालावी लागली तर आंबा चुकला.

आता काळपट रंगाचं. त्याचा दोष आंब्यांवर टाकू नका, तुमचा रस कळकला. कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ ठेवला की धातू त्यात उतरतो; रंग काळसर हिरवट होतो, चव जिभेवर तुरट राहते, आणि तो पोटालाही चांगला नाही. आईंच्या पातेल्याचा तळ उजेडात धरून बघा. आतून पांढरी झाक एकसारखी असेल तर कल्हई शाबूत आहे. कुठे पिवळं-तांबूस डोकावत असेल तर ते पातेलं रसाला बाद. जुनं पितळी पुरणयंत्र असेल तर त्याची जाळी खास बघा, घासून घासून कल्हई आधी तिथली जाते. कल्हईवाला मिळाला तर वाढदिवसाच्या आधी कल्हई करून घ्या. आईंना त्यांचं पातेलं चकचकीत होऊन परत आलेलं बघून बरं वाटेल. नाहीतर स्टील किंवा काच. लोखंड, ॲल्युमिनियम, उघडं तांबं यांतलं काही नको. हवेनेही रस काळवंडतो, पण सावकाश. म्हणून सकाळी आठला काढून ठेवू नका, अकराला काढा. उभट भांड्यात ओता म्हणजे वरचा उघडा भाग कमी राहतो, घट्ट झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढायला विसरू नका. बर्फासारख्या गार रसाला वास येत नाही, आणि हापूसचे पैसे आपण वासाचेच मोजलेले असतात. पानात वाटीवर एक चमचा पातळ साजूक तूप. मिरपूड ज्याची त्याने घ्यावी.

पुऱ्यांबद्दल थोडक्यात. दोन वाट्या कणकेला दोन चमचे बारीक रवा, एक चमचा कडकडीत तेलाचं मोहन, चिमूट मीठ, आणि घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकून. सैल कणकेची पुरी तेल पिते. सोबत बटाट्याची कोरडी भाजी आणि कुरडई, गोड दुसरं काही नको. आईंच्या साखरेचं म्हणाल तर प्रमाण त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा. साधारण सोय अशी, की रस जेवणातच घ्यावा, दुपारी वेगळा नको. वाटी लहान, आणि रसाच्या बदल्यात पुऱ्या कमी. त्यांच्यासाठी वाटीही वेगळी आणि छान ठेवा, म्हणजे ‘मला कमी वाढलं’ असं वाटत नाही.

पन्हं कडू होण्याची कारणं तीनच. एक, कैरीच्या देठाचा चीक. दोन, सालीला चिकटलेला गर सुरीने खरवडून काढणं. तीन, आणि तुमचं बहुधा हेच, कोवळ्या कैरीची कोय. कोवळ्या कैरीत बाठीचं कवच अजून धरलेलं नसतं, आतली मऊ कोय कुकरच्या शिटीत फुटते आणि तिचा तुरट कडवटपणा गरात उतरतो. म्हणून कोय धरलेली, भरलेली राजापुरी कैरी घ्या. देठाकडची अर्धा सेंटीमीटर चकती कापून अर्धा तास पाण्यात ठेवा. कुकरमध्ये भांड्यात ठेवून तीन शिट्या, आणि भांड्यात सुटलेलं पाणी टाकून द्या. गार झाल्यावर साल सोला, गर चमच्याने जेवढा सहज सुटेल तेवढाच घ्या. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, पाऊण चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोड्याची पूड, आठ-दहा केशरकाड्या. गूळ आधी चाखून बघा. काही गूळ खारट असतो, त्या वेळी मीठ निम्मं करा. हे मिश्रण चाळणीतून काढून शनिवारीच काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. प्यायच्या वेळी पेलाभर माठाच्या पाण्यात तीन मोठे चमचे. आईंसाठी चार चमचे गर गूळ घालायच्या आधीच बाजूला काढा. त्यात सैंधव, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि नावाला गूळ. दुपारी रस झाल्यावर चारला परत गोड पेला नको, हे खारट पन्हं खरं तर सगळ्यांनाच जास्त आवडेल.

नाट्यगृहातली जागा. पहिल्या दोन रांगा महाग असतात म्हणून चांगल्या, असं नाही. मान वर करून बसावं लागतं आणि रंगमंचाच्या मागच्या बाजूला घडणारं दिसत नाही. चौथ्या ते आठव्या रांगेत घ्या. बाल्कनी नको, आणि बाल्कनीच्या छताखाली येणाऱ्या मागच्या रांगाही नकोत. तिथे आवाज दबून पोचतो, कमी ऐकू येणाऱ्याला तर शब्द लागतच नाहीत. उजवा गुडघा दुखतो ना? मग रंगमंचाकडे तोंड करून बसल्यावर ज्या खुर्चीच्या उजव्या हाताला मोकळी वाट असेल अशी कडेची खुर्ची हवी, म्हणजे दुखरा पाय वाटेकडे लांब करता येतो. ॲपवरच्या नकाशात रंगमंच कुठल्या बाजूला दाखवलाय ते बघूनच खुर्ची ठरवा. नकाशा वाचताना डावं-उजवं हमखास उलटं होतं. शंका असेल तर सरळ खिडकीवर जाऊन तिकीट काढा आणि ‘उजवा गुडघा, कडेची खुर्ची’ एवढंच सांगा. तिथली माणसं खुर्चीन् खुर्ची ओळखतात. आई आणि सासरे नेहमी एका ठरावीक रांगेत बसत असतील तर ती रांग परस्पर काढू नका, तेही त्यांना विचारा. कुणाला तीच हवी असते, कुणाला ती सोडून कुठलीही.

पाच वाजता पोचा. प्रेक्षागृहातले दिवे चालू असताना, गर्दी दाराशी रेटायच्या आधी, त्या बसलेल्या असल्या पाहिजेत. अंधारात पायऱ्या मोजत जाणं हा दुखऱ्या गुडघ्याचा सगळ्यात वाईट प्रसंग. रिक्षा किंवा गाडी अगदी दारापर्यंत न्या, पार्किंग नंतर. स्वच्छतागृहाला आल्या आल्या जाऊन यायचं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं आणि पहिली सात मिनिटं नुसती रांग असते. जायचंच तर गर्दी वड्याकडे वळल्यावर उठा. शाल सोबत असू द्या, आतली थंडी बाहेरच्या मे महिन्याला जुमानत नाही. कानाचं यंत्र आदल्या रात्री चार्ज करा, सेलचं असेल तर नवा सेल पर्समध्ये. त्यांनी संगीत नाटक निवडलं असेल तर ऑर्गन-तबल्याच्या जोराने यंत्रात आवाज फाटल्यासारखा येतो. आवाज एक पायरी कमी करायचा, किंवा यंत्रात संगीतासाठी वेगळी सोय असली तर ती लावायची. हे घरी टीव्हीवर एखादं नाट्यगीत लावून आधी करून बघा, तिसऱ्या घंटेनंतर अंधारात बटणं चाचपडू नका. जुनी पाच अंकी नाटकं रात्र सरेपर्यंत चालायची. आताचे प्रयोग बहुतेक दोन अंकी, मध्यंतर धरून अडीच तासांच्या आसपास. हे त्यांना निघण्याआधी सांगून ठेवा, नाहीतर पडदा पडल्यावर विचारतील, ‘एवढंच?’ कलाकार आजारी पडले की प्रयोग रद्द होतात, म्हणून रविवारी सकाळी नाट्यगृहात एक फोन करा.

राहिला गजरा. आणा, पण त्यांना ‘माळा’ म्हणू नका. चारच्या सुमाराला घ्या, आणि बंद कळ्यांचा घ्या. उमललेल्या मोगऱ्याचा गजरा मध्यंतरापर्यंत पिवळट होतो. कळ्यांचा असेल तर संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला, म्हणजे पहिला अंक चालू असताना, तो उमलायला लागतो. दोन घ्या. एक घरातून निघतानाच तुम्ही माळा. दुसरा ओल्या रुमालात सैल गुंडाळून पर्समध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, घामेजतो. वास त्यांच्यापर्यंत पोचेलच. मागितला तर काढून द्या.